एकसष्ट नंबरची नॉय

बँकॉकच्या पश्चिमेला आमच्या रातबुरीत रांजणांचे कारखाने चाळीस-पन्नास तरी असतील. प्रत्येक कारखान्यात ड्रॅगन काढणारी दोन-चार माणसं असतात. त्यांत दुआनताईचा ड्रॅगन कुणीही लांबून ओळखतो, कारण तो तोंड वासून चिडलेला असतो. पांढऱ्या मातीचा लगदा ओल्या रांजणावर अंगठ्यानं फासत ती दहा-बारा मिनिटांत अख्खा प्राणी उभा करते. हातात नमुना नाही, रांजणावर खूण नाही. मी एकदा म्हणालो, ताई, हा तुझ्या वळणावर गेलाय. ती वर न बघता म्हणाली, "नाही मास्तर, पोरांना छड्या मारताना तुमचं तोंड कसं व्हायचं ते आठवून काढते." तिचा थोरला माझ्या वर्गात होता, त्यामुळे मी गप्प बसलो.

तिचं पूर्ण नाव लामदुआन खेमथोंग. मुलगा शाळेत होता म्हणून मला ते ठाऊक. बाकी गावाला ती नुसती दुआन. आमच्याकडे हे असंच चालतं. माणसाला घरचं एक छोटं नाव असतं आणि तेवढ्यावर त्याचा जन्म निघतो. शेजाऱ्याचं कागदावरचं नाव त्याच्या अंत्यविधीच्या फलकावर पहिल्यांदा वाचायला मिळतं, आणि मग आपण एकमेकांना म्हणतो, अरे, हे होय याचं नाव. मला या प्रकाराची चीड आहे. पण गल्लीत मलाही मास्तर सोडून दुसरं काही कुणी म्हणत नाही, आणि मीही कधी कुणाला सांगायला गेलो नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी इथल्या धर्मादाय मंडळाच्या दफनभूमीचं रजिस्टर सांभाळतो. अपघातातली, नदीत सापडलेली, रेल्वेखाली आलेली, कुणी न्यायला न आलेली बेवारस माणसं मंडळ पुरतं. मी नंबर लिहितो, बाई की पुरुष ते लिहितो, कुठं सापडलं आणि कधी ते लिहितो. नावाच्या रकान्यात बहुतेक वेळा 'अज्ञात' असंच येतं. एकसष्ट नंबरापुढंही मी तेच लिहिलं होतं. वास्तविक एकसष्ट नंबरच्या बाईला निम्मा बाजार ओळखत होता.

ती नॉय. बावीस-तेवीस वर्षांची असताना एका मातीच्या ट्रकबरोबर ती कारखान्यात आली आणि माती तुडवायच्या कामाला लागली. कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, मुक्दाहानकडची, मेकाँग नदीच्या काठची. बोलणं तिकडचंच होतं, चिकट भाताचा गोळा बोटांनी दाबून खाण्याची तऱ्हा तिकडची, पपईच्या तिखटात आंबवलेल्या माशाचा रस ओतायचा तोही तिकडच्यासारखाच, वासानं आमच्यासारख्यांनी उठून जावं इतका. ईशान्येच्या त्या भागातली माणसं आमच्याकडे पोटापाण्यासाठी खोऱ्यानं येतात. कुणी आणखी काही विचारलं नाही. ओळखपत्र हरवलंय म्हणाली. तेही कुणाला खटकलं नाही, कारखान्यात निम्म्यांचं हरवलेलं असतं.

ओळखपत्र नाही म्हणून तिचं नाव पगाराच्या यादीत चढेना. मग दुआनताईनं कारकुनाला सांगून तिची हजेरी आपल्याच नावाखाली धरायला लावली. पंधरवड्याला कारकून दारात उभा राहून खणखणीत आवाजात पुकारायचा, लामदुआन खेमथोंग! आणि दोघी पुढं व्हायच्या. नॉयला याची फार मजा वाटायची. भट्टीत लाकडं टाकताना, रांजण उलटे करताना ती कारकुनाच्या आवाजात ओरडायची, लामदुआन खेमथोंग, पाणी आण! लामदुआन खेमथोंग, तुझा ड्रॅगन रडतोय! दुआनताई मातीचा गोळा फेकून मारायची. तो बहुधा तिसऱ्यालाच लागायचा.

हायवेच्या पलीकडे भाड्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिथं दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी. सकाळी कामावर जाताना हायवे ओलांडायचा. नॉय कडेला उभी राहायची, डावीकडे बघायची आणि सरळ पाऊल टाकायची. गाड्या यायच्या उजवीकडून. दोनदा ती ट्रकखाली जाता जाता वाचली. तेव्हापासून दुआनताई रोज सकाळ-संध्याकाळ तिचा दंड पकडून रस्ता ओलांडायची, शाळेच्या पोराला न्यावं तसं. "तुझ्या गावाला गाड्या उलट्या चालतात की काय गं?" असं ती एकदा वैतागून म्हणाली, तर नॉय पोट धरधरून हसली. म्हणाली, "आमच्या गावात गाड्याच न्हाईत, ताई." हा विनोद पुढं सगळ्या कारखान्यात झाला. नॉय आणि रस्ता म्हटलं की माणसं हसायची. मीही हसलोय.

दीड वर्ष असं गेलं. दुआनताईनं तिला अंगठा चालवायला शिकवलं. नॉयची कुठली दाढ दुखते, ती झोपेत काय बरळते, बेडकाला घाबरते पण सापाला घाबरत नाही, हे सगळं ताईला पाठ होतं. टीव्हीवर पावसाळ्यानंतरच्या होड्यांच्या शर्यती लागल्या की नॉय पडद्यापासून हलायची नाही. आमच्या गावच्या होडीचं नाव सोनकमळ, म्हणायची, पन्नास माणसं वल्हवतात, आणि आमची आई तंबाखू विकायचं बंद ठेवून काठावर नाचते. ताईला होडीचं नाव माहीत होतं, आईच्या तंबाखूचे वाफे नदीच्या कुठल्या उतारावर आहेत ते माहीत होतं. पोरीचं नाव-आडनाव काय, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारण्याची पद्धतच नाही आमच्यात.

मग सानिट आला. बर्फाच्या कारखान्याची गाडी चालवायचा. दिसायला बरा, बोलायला गोड, प्यायला की वाईट. नॉय त्याच्या खोलीवर राहायला गेली, तरी कामाला ताईशेजारीच बसायची. आणखी दीड वर्ष कसंबसं गेलं. एप्रिलच्या सणाला मी गावी जाऊन येते, असं तिनं त्याला सांगितलं. ही गेली की परत येणार नाही, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं तिला गळा दाबून मारलं आणि बर्फाच्या पोत्यात गुंडाळून पेरूच्या बागेतल्या पडक्या विहिरीत टाकलं. पाच दिवसांनी पेरू तोडणाऱ्या बायकांना वास आला.

पोलिसांना त्याला शोधायला फार त्रास पडला नाही. पोत्यात भाताचा कोंडा होता. बर्फाच्या लाद्या वितळू नयेत म्हणून तो घालतात. आमच्या भागात बर्फाचा कारखाना एकच. त्यानंतर चौथ्या दिवशी सानिटला हातकड्या घालून विहिरीवर आणलं आणि काय कसं केलं ते सगळ्यांसमोर करून दाखवायला लावलं. फोटोवाले होते, आइस्क्रीमवाला होता, शाळा बुडवून आलेली माझ्या जुन्या शाळेची पोरं होती. दुआनताईनं पायातली चप्पल काढून फेकली. ती हवालदाराला लागली. हवालदार भला माणूस होता, त्यानं चप्पल उचलून परत दिली.

गुन्हा कबूल, म्हणून फाशीच्या जागी जन्मठेप. खटला उभा राहिला आणि संपलाही. निकालपत्रात लिहिलं होतं, 'नाव व आडनाव माहीत नसलेली, नॉय या टोपणनावाने ओळखली जाणारी स्त्री'. मारणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आईचं नाव, घर नंबर, सगळं कागदावर आलं. जी मेली ती मात्र टोपणनावावर राहिली.

प्रयत्न झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. मुक्दाहानला पत्र गेलं, फोटो गेला. तिकडून उत्तर आलं की या वर्णनाची कुणी हरवलेली नाही. बोटांचे ठसे सरकारी नोंदींशी ताडून पाहिले, जुळले नाहीत. तेव्हा ठाण्यातला साहेब म्हणाला, "तीन वर्षं माती घासल्यावर अंगठ्याला रेघा राहतात कुठं?" हे सगळ्यांना पटलं. दुआनताईचा स्वतःचा अंगठा काचेसारखा गुळगुळीत आहे. ओळखपत्र बदलायला गेली की तिथली मुलगी चार-चारदा शाई लावते. तिनं घरी येऊन अंगठा बघितला आणि मला म्हणाली, "मीच शिकवलं तिला, मास्तर. नुसती माती तुडवत राहिली असती तर रेघा राहिल्या असत्या." मी तिची समजूत घातली. ठसे न जुळण्याचं ते कारणच चुकीचं होतं हे कळायला दहा वर्षं लागली.

निकालानंतर एकदा ती तुरुंगात सानिटला भेटायला गेली. बरोबर मी होतो, कारण अर्ज मला लिहायला लावला होता. जाळीपलीकडे तो बसला, वाळलेला, केस काढलेला. ताईनं शिव्या द्यायला सुरुवात करावी अशी माझी अपेक्षा होती. तिनं एवढंच विचारलं, "तिचं खरं नाव काय होतं रे?" त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी कधी विचारलंच नाही, ताई." बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि तिनं डब्यातला भात तसाच ठेवला. मी म्हणालो, हरामखोर आहे. ती म्हणाली, "त्याचं उत्तर आणि माझं उत्तर एकच आलं, मास्तर. ते नाही मला पचत." त्या दिवसापासून ती मंडळात येऊ लागली. दर रविवारी दफनभूमीतलं गवत काढायची, एकसष्टवरचं आधी.

इथं मला लॉटरीवाल्यांबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर माझा राग जायचा नाही. ज्याचा घात होऊन जीव गेला तो आकडे देतो, अशी आमच्या लोकांची समजूत. पहिल्या सोडतीच्या आधी एकसष्टवर नैवेद्याच्या लाल सोड्याच्या बाटल्यांची रांग लागली. बाया मातीवर पावडर चोळून आकडे शोधायच्या. एकदा नेमका एकसष्ट लागला, मग तर विचारू नका. कुणी रेशमी लुगडं आणून वाहिलं, कुणी केसांची फणी. सगळे तिला हात जोडून नॉयताई, नॉयताई म्हणायचे. एवढी माणसं येऊन गेली, पण ही कुणाची, असं कुणी विचारलं नाही. दुआनताई बाटल्या गोळा करायची, सोडा ओतून द्यायची आणि माझ्यावर डाफरायची, जणू मीच आणून ठेवल्यात.

तिची खरी अडचण एप्रिलच्या सणाला यायची. मेलेल्याला पुण्य पोचवायचं तर चिठ्ठीवर त्याचं नाव-आडनाव लिहायचं, चिठ्ठ्या भिक्खूंपुढं ताटात ठेवायच्या, पठण झालं की जाळायच्या. सगळं गाव रांगेत असतं. ताई नवऱ्याची लिहायची, सासऱ्याची लिहायची, आणि तिसरा कागद हातात धरून माझ्याकडे बघायची. पहिल्या वर्षी मी 'नॉय' लिहून दिलं. ती म्हणाली, "या देशात नॉय किती असतील, मास्तर? लाखभर? त्यातल्या कुणाला जाणार हे?" मी म्हणालो, ज्यांना जायचं त्यांना बरोबर जातं. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, या विषयात मला काय कळतं? ती दरवर्षी चिठ्ठी लिहून घ्यायची आणि दरवर्षी तिचं तोंड तिच्या ड्रॅगनसारखं व्हायचं. नाव नसलेल्याला पुण्य पोचत नाही, म्हणजे नॉय दहा वर्षं उपाशी आहे, एवढा साधा हिशेब तिच्या डोक्यात होता. तो मला काढता आला नाही.

दहाव्या वर्षी मंडळानं स्मशान धुवायचं ठरवलं. जागा भरली की हे करावंच लागतं. शे-दीडशे स्वयंसेवक पांढरे कपडे घालून, मांसमच्छी सोडून येतात. जुनी मढी उकरून हाडं काढतात, चहाच्या पाण्यानं धुतात, उन्हात वाळवतात, कवटीला सोन्याचा वर्ख लावतात. मग बायकांची हाडं एका ढिगात, पुरुषांची एका ढिगात, आणि सगळ्यांना एकत्र अग्नी. फार पुण्याचं काम मानतात, लोक रजा काढून येतात. पण एकदा त्या ढिगात गेलं की मग कुणाचं काय, ते देवालाही वेगळं काढता यायचं नाही.

दुआनताई अध्यक्षांकडे गेली. एकसष्टला हात लावू नका म्हणाली. अध्यक्ष तांदळाचे व्यापारी, माणूस वाईट नाही. त्यांनी पोलिसांचं पत्र दाखवलं, की खटला संपला, अंत्यसंस्काराला हरकत नाही. म्हणाले, "अगं, खुनी सापडला, शिक्षा झाली. इथल्या बाकीच्यांना तेवढंही मिळालं नाही. आणखी काय पाहिजे तिला?" ताई म्हणाली, "घरचं माणूस." अध्यक्ष म्हणाले, दहा वर्षांत आलं नाही ते आता कुठून येणार? डिसेंबरची बारा तारीख ठरली आहे, तोवर कुणी आलं तर घेऊन जाऊ दे. हा ऑक्टोबरचा शेवट होता. घरी जाताना ताई मला म्हणाली, तिला सगळ्यांत मिसळून टाकली, आणि दुसऱ्या दिवशी तिची आई दारात उभी राहिली, तर मी काय बोट दाखवू, त्या राखेकडे?

नोव्हेंबरात आमच्या विहारातून चीवरदानासाठी, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं द्यायला, बस निघाली. या वर्षी मुक्दाहानजवळचा एक विहार निवडला होता. दान झाल्यावर दुसऱ्या दिवशी नवा पूल ओलांडून पलीकडे लाओसमध्ये सावन्नाखेतला फिरून यायचं, संध्याकाळी परत. बाया खूष होत्या. दुआनताई मुक्दाहानच्या नावावर आली होती. पहिल्या दिवशी ती बाजारभर नॉयचा जुना फोटो दाखवत हिंडली. कुणी ओळखलं नाही. सोनकमळ नावाची होडी विचारली, एक म्हातारा म्हणाला, असली होडी आमच्याकडच्या काठाला नाही. 'आमच्याकडच्या काठाला' असं म्हणाला तो. मी शेजारी उभा होतो, माझ्या कानावरून ते गेलं. मी, पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडला. मेकाँग रुंद आहे, पण पलीकडची माणसं दिसतात तितकीच रुंद. सावन्नाखेतच्या बाजारापाशी बस थांबली. रस्त्यापलीकडे कॉफीची टपरी होती. दुआनताई उतरली, कडेला उभी राहिली, आपल्या सवयीनं उजवीकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. डावीकडून एक स्कूटर आली. स्कूटरवाली बाई ब्रेक दाबून वाकडी झाली आणि हसत ओरडली, "मावशी, हिकडं बघायचं आधी!" मी ताईचा दंड धरून मागं ओढलं.

ती मागं आली नाही. रस्त्यात तशीच उभी राहिली, माझ्या हाताकडे बघत. मी तिचा दंड तिथंच धरला होता, जिथं ती रोज नॉयचा धरायची. "मास्तर," ती म्हणाली, "इथं गाड्या उलट्या चालतात."

मला समजायला तिच्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला. तिकडची माणसं रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवतात, आपल्या इकडची डाव्या. नॉय पलीकडच्या काठाची होती. दोन्ही काठांवर बोली तीच, भात तोच, माशाचा वास तोच, आणि कागद नसलेली पोर पकडली जाऊ नये म्हणून अलीकडच्या काठाचं नाव सांगते, एवढं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. ठसे जुळणार कुठून? ते या देशाच्या नोंदीत कधी नव्हतेच. ताईनं आपला अंगठा दहा वर्षं उगीच दोषी धरला. मला माझी लाज वाटली, ती अजून वाटते.

एका रिक्षावाल्याला विचारलं, सोनकमळ कुठली होडी रे? त्यानं लगेच हात उडवला. "यंदा पहिल्याच फेरीत हरली," म्हणाला, "त्या गावाचं नाव काढू नका, माझी पैज गेली." गाव नदीकाठानं नऊ किलोमीटर वर होतं. बस पाचला सुटणार होती. आम्ही बाकीच्यांना सांगितलंही नाही, तसेच रिक्षात बसलो.

विहाराच्या आवारात छपराखाली होडी ठेवलेली होती, तोंडाशी सोनेरी कमळ. तिथं झाडत असलेल्या माणसाला ताईनं फोटो दाखवला आणि विचारलं, हिची आई तंबाखू लावते का? तो फोटोकडे बघत राहिला. मग झाडू भिंतीला टेकवून आमच्या पुढं चालायला लागला.

नदीच्या उतारावर एक म्हातारी वाकून तंबाखूची रोपं लावत होती. माणसानं तिला हाक मारली. ती हात पुशीत वर आली, सत्तरीची, काटक. दुआनताईनं फोटो पुढं केला आणि बोलायला तोंड उघडलं, पण म्हातारी फोटोकडे बघतच नव्हती. ती ताईच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो हात धरून तिनं अंगठा उलटा केला, गुळगुळीत अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं.

"तू लामदुआन खेमथोंग व्हय?" ती म्हणाली.

त्या अनोळखी गावात, नदीच्या काठावर, कारकून पुकारायचा तसं ते नाव पूर्ण आलं. ताईच्या आधी मीच हो म्हणालो.

म्हातारीनं तिला खाली बसवलं आणि बोलायलाच सुरुवात केली. पोरीनं एकदा नावाड्याबरोबर चिठ्ठी धाडली होती. रातबुरीला रांजणांच्या कारखान्यात आहे, लामदुआन खेमथोंग म्हणून थोरली बहीण मिळाली आहे, ती रांजणावर ड्रॅगन काढते, तिच्या अंगठ्याला रेघ नाही, ती माझा हात धरून मला रस्ता ओलांडून देते, काळजी करू नको. पुन्हा चिठ्ठी आली नाही. भाऊ एकदा शोधायला पलीकडे गेला, त्याला बिनकागदाचा म्हणून बँकॉकच्या बस अड्ड्यावर पकडून परत पाठवलं. मग म्हातारीनं मनाला समजावलं, की लग्न झालं असेल, नवरा येऊ देत नसेल. "पर मी म्हटलं, लामदुआन हाय ना तिथं. म्हणून दर सणाला विहारात तुझ्या नावाची चिठ्ठी ठेवते बाई, मेलेल्यांच्या न्हवं, जित्यांच्या ताटात. नाव-आडनाव घालून. दहा वर्सं झाली. भिक्खू म्हणत्यात, ही कोण? मी म्हणते, माझ्या पोरीला सांभाळती ती. तिला आयुष्य लाभू दे."

एवढं बोलून तिनं विचारलं, "कशी हाय माझी पोर?"

मी पुढं होऊन सांगणार होतो. दुआनताईनं मला हातानं थांबवलं. तिनं स्वतः सांगितलं, काहीही न लपवता, सानिटपासून विहिरीपर्यंत, निकालापासून एकसष्ट नंबरपर्यंत. हेही सांगितलं, की तीन वर्षं शेजारी बसून मी तुझ्या पोरीचं नाव विचारलं नाही. सांगताना ती रडत होती आणि म्हातारी रडत नव्हती. म्हातारीनं सगळं ऐकलं, मग नदीकडे तोंड करून बसली. झाडणारा माणूस तिचा मुलगा होता, नॉयचा भाऊ. तो रोपांशेजारी उकिडवा बसून माती कुस्करत होता.

शेवटी म्हातारी म्हणाली, "बुआवान. बुआवान सेंगसावांग." आणि तिनं ताईला ते तीनदा म्हणायला लावलं.

आमची बस आमच्यासाठी पाऊण तास थांबली. सगळे आमच्यावर चिडले होते. कारण सांगितल्यावर त्यांनी सरकून आम्हाला पुढं जागा करून दिली. अंधार पडल्यावर ताई मला म्हणाली, "दहा वर्षं माझ्यासाठी आयुष्य मागत होती ती म्हातारी, मास्तर. पूर्ण नावानं. आणि मी तिच्या पोरीला काय पाठवत होते? लाखातली एक नॉय." मी तिला माझी शाल दिली, ती तिनं घेतली.

डिसेंबरच्या आठ तारखेला पासपोर्ट करून म्हातारी आणि तिचा मुलगा आले. अध्यक्षांनी स्वतः स्टेशनवर गाडी पाठवली. एकसष्ट नंबर सगळ्यांच्या आधी उघडला. हाडं ताईनं आणि म्हातारीनं मिळून धुतली, चहाचं पाणी माझ्या हातात होतं. लॉटरीवाले दोघं-तिघं कुंपणापाशी घुटमळत होते, त्यांना मी हाकललं. वेगळी चिता रचली. राख एका छोट्या रांजणात भरली. त्यावर ताईनं काढलेला ड्रॅगन होता. पहिल्यांदाच तिच्या ड्रॅगनचं तोंड बंद होतं.

रजिस्टरमध्ये मी 'अज्ञात' खोडून पूर्ण नाव लिहिलं. पाच वेळा तपासलं. मग भिक्खू बसले, ताट आलं, आणि दुआनताईनं माझ्यापुढं कोरी चिठ्ठी सरकवली. मी लिहिलं, बुआवान सेंगसावांग. ती म्हणाली, "खाली माझंही लिहा. देणारी कोण ते."

मी 'दुआन' लिहायला लागलो. तिनं माझा हात धरला.

"पूर्ण लिहा, मास्तर," ती म्हणाली. "ती मला तसंच हाक मारायची."